डंपावरची रुजवण

मी काय काम करते हे आमच्या चाळीत आजवर कोणालाही नीट कळलेलं नाही, आणि त्यात चाळीचा दोष नाही. ‘खाणीने टाकलेल्या मातीवर हिरवळ आणते’ असं सांगितलं की समोरचा गंभीरपणे मान डोलावतो आणि विचारतो, ‘म्हणजे बँकेत नाही का?’ आईने त्यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. ती शेजारणींना सांगायची, ‘ता खाणीत माळणीचा काम करता.’ आईची मालवणी लालबागमध्ये इतकी वर्षं राहून अर्धीमुर्धी मुंबईची झाली आहे, पण माझ्या नोकरीबद्दल बोलताना ती हटकून पूर्ण मालवणी व्हायची. बहुधा लाज झाकायला.

आमचं छोटंसं ऑफिस दादरला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे, आणि काम कोकणात, आमच्या गावच्याच बाजूला. खनिज काढायचं तर आधी वरची माती, मुरूम, दगड खरवडून बाजूला टाकावे लागतात. टाकता टाकता त्याचा डोंगर होतो, त्याला डंप म्हणतात. खाण बंद पडली तरी डंप जागचा हलत नाही. हलते ती त्याची माती. पावसाळ्यात ती लाल राड ओढ्यातून खाली भातशेतीत उतरते आणि शेताला गिलावा केल्यासारखी चिकटून बसते. त्या डंपाला धरून ठेवतील अशी मुळं शोधायची, हे आमचं काम. आधी गवत, मग झुडपं, मग झाडं. हा क्रम कोणालाही पटत नाही. प्रत्येकाला पहिल्याच दिवशी झाड हवं असतं, कारण झाडाबरोबर फोटो काढता येतो. गवताबरोबर हौसेने फोटो काढलेला माणूस मी पाहिलेला नाही. म्हणजे मी सोडून.

एका पावसाळ्यात, कुठलं गवत कशात तगतं ते बघायला मी डंपाची दोन पोती मुंबईला आणली. ऑफिसच्या गॅलरीत ठेवली तर खालच्या मजल्यावर पाणी झिरपतं म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींनी हरकत घेतली. पाणी झिरपत होतंच, त्यामुळे भांडायलाही तोंड नव्हतं. मग पोती आमच्या चाळीच्या गच्चीवर आली. वरळीहून दारावर मासळी घेऊन येणाऱ्या मावशींकडून मी बर्फाचे रिकामे थर्माकोलचे खोके मागून घेतले, तळाला भोकं पाडली आणि त्यांत ती माती भरून गवतं पेरली. काही खोक्यांत नुसती माती, काहींत शेणखत, काहींत नारळाच्या काथ्याचा भुसा आणि काहींत मासळीच्या टाकाऊ भागांचं खत. या शेवटच्या खोक्यांमुळे चाळीतल्या झाडून साऱ्या मांजरांना वनस्पतिशास्त्राची गोडी लागली. उरलेली माती अर्ध्या पोत्यात शिल्लक होती, ती मी तोंड बांधून टाकीच्या आडोशाला ठेवून दिली.

त्याच पावसाळ्यात माझी धाकटी बहीण माहेरी राहायला आली होती. तिला पाचवा महिना लागला होता. आधीच्या खेपेला तिचं मूल सहाव्या महिन्यात गेलं होतं, म्हणून या वेळी डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलेलं, आणि परळचं हॉस्पिटल आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आमची खोली एकच, मागे मोरी नि ओटा. खिडकीजवळच्या खाटेवर धाकटी, समोरच्या कोपऱ्यात देव्हारा, मधे आम्ही. तपासण्या सगळ्या चांगल्या येत होत्या. डॉक्टर बाईंनी तर ‘आता जरा आनंदी राहा बरं’ असं दरडावूनच सांगितलं होतं. पण आमची धाकटी, जी लहानपणी झोपेतही बडबडायची, ती त्या पोटाबद्दल चकार शब्द काढायची नाही. नाव नाही, दुपटं नाही, ‘आज हाललं’ नाही. पोटावर हात ठेवायचीही नाही. हात दोन्ही बाजूंना, बसमध्ये दुसऱ्याचं सामान मांडीवर घेऊन बसल्यासारखी. जावई दर रविवारी यायचे, डाळिंबं सोलायचे आणि तिच्याशी क्रिकेटवर बोलायचे. मला तिची काळजी वाटायची आणि काळजी वाटली की मी चिडचिड करते, त्यामुळे घरात एकूण मौज होती.

आईने मात्र आपला सगळा भरवसा नवरात्रावर टाकला होता. आमच्याकडे घट बसतो. परडीत पत्रावळ, तिच्यावर माती, मातीत भात, नाचणी, कुळीथ, मूग असं धान्य, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट आणि त्यावर नारळ. धान्याला कोंब फुटून दसऱ्यापर्यंत हिरवा तुरा उभा राहतो, त्याला आम्ही रुजवण म्हणतो. रुजवण दाट आली की घराचं वर्ष चांगलं जाणार. विरळ आली तर कोणी काही बोलत नाही, पण सगळे बघतात. चाळीतल्या बायका हळदीकुंकवाच्या निमित्ताने एकमेकींकडे जातात आणि कुंकू लावता लावता डोळ्याच्या कोपऱ्यातून परडी मोजतात. मी यावर नेहमी एक छोटं व्याख्यान द्यायचे: बी भिजलं, हवा मिळाली, ऊब मिळाली की उगवतं, त्याला तुमच्या वर्षाशी काय घेणं? आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, ‘बरां. आता तो नारळ उचलून दी.’

बाबा होते तेव्हा रुजवणीसाठी ते गावची माती आणायचे. गणपतीला गावी जायचे आणि परतताना पिशवीत खोबरं, कोकम आणि तळाला फडक्यात बांधलेली मूठभर तांबडी माती. ते गेल्यापासून आई फुटपाथवर विकायला येणारी काळी माती वापरत होती, पण नाक मुरडून. ‘हिका वास नाय,’ म्हणायची.

घट बसायच्या दिवशी मी खाणीवर होते. गवताची रोपं उतारावर लावायची शेवटची संधी होती, पाऊस परतीला लागला होता. तिसऱ्या माळेच्या संध्याकाळी घरी आले, बॅग ठेवली, पाय धुतले आणि देवीला हात जोडायला वाकले, तर परडीतली माती लाल. नुसती लाल नव्हे. दिव्याच्या उजेडात तिच्यात बारीक बारीक काहीतरी चमकत होतं. ती चमक मी झोपेतही ओळखीन.

‘मिळाली की नाय घरची माती?’ आई मागून म्हणाली. तिचा आवाज किती दिवसांनी असा खुललेला होता. ‘तुझ्या त्या पोत्यात गावची माती, आणि मी येडी बाजारात जाऊन दर वर्षी दुसऱ्याची घेतंय. गुडघे धरून गच्चीवर गेले नि घेऊन आले.’

मी परडीवर आणखी खाली वाकले. आईने देवीची प्रतिष्ठापना खाणीच्या डंपावर केली होती, तीही भक्तिभावाने आणि गुडघे दुखवून.

परडीची अवस्था मला पाहताक्षणी कळली, कारण असे उतार मी रोज बघत होते. त्या मातीचे कण फार बारीक असतात. पाणी घातलं की ते वर येऊन एकमेकांना चिकटतात आणि सुकले की पापुद्रा धरतो. खाली हवा जात नाही, वरचं पाणी मुरत नाही. दोनचार मुगांनी जोर लावून पापुद्र्याचं झाकण किंचित उचललेलं होतं आणि ते तसेच दमून थांबले होते. बाकी सगळा शुकशुकाट. उगवत नाही म्हणून आई जास्त पाणी घालत होती, आणि पाणी जास्त झालं म्हणून उगवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू हळदीकुंकवाला आल्या. काकूंनी यंदा ऑनलाइन मागवलेली, आधीच खत घातलेली माती वापरली होती. त्यांची रुजवण म्हणजे मळ्यातला भात. त्यांनी आईला कुंकू लावलं, परडीकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं आणि अगदी मायेने म्हणाल्या, ‘तुमच्याकडे यंदा जरा उशीर दिसतोय, नाही?’ वाईट हेतू नव्हता बिचारीचा. पण ‘उशीर’ हा शब्द उच्चारून त्या धाकटीकडे बघत राहिल्या, आणि धाकटीने हळूच कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

काकू गेल्यावर आई ओट्याशी उभी राहिली आणि आधीच घासलेली भांडी पुन्हा घासू लागली. मला कळलं की या घरात तीन बायका आहेत आणि तिघीही त्या परडीला घाबरल्या आहेत. होय, मीही. उगवणक्षमतेवर प्रबंध लिहिलेली मी. डोकं सांगत होतं की ही मातीची रचना आहे, बाकी काही नाही. आणि रात्री दोनदा उठून मी परडी बघितली.

सकाळी धाकटी झोपलेली असताना आई बाहेर गॅलरीत वऱ्याचे तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

‘आई, ती माती गावाकडचीच आहे. पण खाणीची आहे गं. वरची खरवडून टाकलेली.’

तिचे हात थांबले. ‘टाकलेली? म्हणजे मी देवीक कचऱ्यात बसवली?’

‘कचरा नाही. आपल्याच डोंगराच्या पोटातली आहे. फक्त तिच्यात अजून कोणी राहिलेलं नाही. मुळं नाहीत, गांडुळं नाहीत, पान कुजलेलं नाही. म्हणून तिच्यात बी रुजायला जड जातं. धाकटीचा आणि याचा काही म्हणजे काही संबंध नाही.’

आई बराच वेळ ताटातले तांदूळ बोटाने सरकवत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते पुसायला तिने हात उचलला नाही. मग माझ्याकडे बघून विचारलं, ‘तू इतकी वर्षां जातंस ती खंय?’

‘कुठे म्हणजे? डंपावर.’

‘करतंस काय थंय?’

‘अशा मातीत उगवायला बघते.’

‘मगे?’ आई ताट बाजूला ठेवून उठली. ‘उगवून दाखव. आंघोळ कर नि बस.’

माझ्या नोकरीची इतकी सुटसुटीत व्याख्या आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकातसुद्धा नाही. मी सांगायचा प्रयत्न केला की डोंगरावर मला यासाठी तीन पावसाळे देतात आणि तेही कमी पडतात. आईने मोरीत बादली लावली.

अडचणी काही थोड्या नव्हत्या. घट एकदा बसला की हलवायचा नाही, त्यामुळे माती बदलणं बाद. माझं सगळ्यात गुणी खत मासळीचं, ते मनात आणलं असतं तरी आईने मला गच्चीवरच्या मांजरांत राहायला पाठवलं असतं. माती उकरायला चमचा घेतला तर तो उष्टा, सुरी घेतली तर ती मटणाची. शेवटी आईने तुळशीची वाळकी काडी दिली. शेण मात्र देवीला चालतं, ही माझी जमेची बाजू. पूजेच्या सामानाच्या दुकानात गोवऱ्या मिळतात, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेल्या, बिस्किटांच्या पुड्याएवढ्या. त्या आणून मी चुरल्या. नारळाच्या शेंड्या हातांनी पिंजून त्यांचा भुसा केला. दोन्ही एकत्र करून पाण्यात भिजवलं. खोली मसाल्याच्या गल्लीच्या टोकाला असल्यामुळे आमच्याकडे बारा महिने मिरची-धण्याचा वास असतो. त्यात आता गोठा मिसळला.

‘आणि बी?’ आईने विचारलं. ती माझ्यामागे पदर खोचून, परीक्षक असल्यासारखी उभी होती.

‘मूग-कुळीथ भिजत घालून फडक्यात बांधून ठेव. मोड आले की मी ते खोचीन.’

‘ही लबाडी नाय?’

‘आम्ही डोंगरावर हेच करतो. जमीन वाईट असली की बियाला घरून थोडं शिकवून पाठवायचं.’

आईने देवीकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि फडकं काढायला गेली.

मोड आले तसं मी काडीने कडेकडेचा पापुद्रा फोडला, अगदी हळू, अडकलेल्या मुगांना धक्का न लावता. भोकं पाडली, त्यांत शेण नि भुसा भरला आणि एकेक मोड आलेला दाणा त्यात बसवला. भाताचे आणि नाचणीचे नवे दाणे वर भुरभुरले. मधे घटाभोवतीची माती दगडासारखी घट्ट झाली होती आणि तिथे काडी रेटली तर घट हलला असता, म्हणून तो भाग तसाच सोडला. पाणी मी आईच्या हातातून काढून घेतलं. नुसता घट पाझरतो तेवढंच, शिवाय सकाळी ओल्या फुलाने शिंपडा. ‘माका पाणीसुद्धा घालूक देणा नाय,’ अशी तक्रार तिने जावयांकडे केली. जावयांनी डाळिंब सोलणं थांबवून परडीकडे पाहिलं आणि प्रथमच मला माझ्या कामाबद्दल दोन चांगले प्रश्न विचारले.

पुढचे दिवस मी ऑफिसला उशिरा जात होते. उठले की तोंडही न धुता परडीपुढे. गुडघ्यांवर बसून, गाल जवळजवळ जमिनीला टेकवून बघायचं, कारण कोंब वरून दिसत नाहीत, आडव्या नजरेने दिसतात. एका सकाळी मी अशी लोटांगण घातल्यासारखी पडले होते, तर खाटेवरून आवाज आला, ‘डावीकडे बघ. घटाच्या मागे. एक वाकलाय.’

धाकटी कुशीवर वळून बघत होती. खाटेवरून तिचा कोन माझ्यापेक्षा चांगला होता. मला कळलंच नव्हतं, पण ती दिवसभर बघत होती. तिला दुसरं काम काय होतं? त्या दिवसापासून ती मुकादम झाली. ‘तो काल सरळ होता.’ ‘पंखा बंद कर, वारा लागतोय त्याला.’ ‘आई, सावलीत उभी राहतेस तू.’ कुळिथाने मान वर काढली ती तिनेच आधी पाहिली आणि इतक्या जोरात ‘आला!’ म्हणाली की आईच्या हातातून निरांजन सुटणार होतं. पण पोटाबद्दल अजूनही गप्प. मीही काही विचारलं नाही. या एका बाबतीत तरी मला पाणी कमी घालायला जमलं.

काकू पुन्हा आल्या. या वेळी आईने त्यांना स्वतःच परडीजवळ नेलं. ‘आमची माती कठीण आसा,’ ती म्हणाली. ‘हिच्यात उगवणा म्हणजे खेळ नाय. माझा चेडू त्यातला शिकलेला आसा.’ आईने माझ्या कामाचं चारचौघांत कौतुक केलं ते हे पहिलं. मी ओट्याकडे तोंड करून उगाचच डबे पुसत राहिले, कारण मला रडू येत होतं आणि काकूंना ते दुपारपर्यंत चाळभर सांगता आलं असतं.

दसऱ्याला रुजवण कशी होती हे खरं सांगते. दाट म्हणावी अशी नव्हती. कडेने मूग-कुळीथ बऱ्यापैकी उभे होते, भात बोटभर मागे आणि पिवळसर, नाचणी नावापुरती. घटाभोवतीची माती शेवटपर्यंत उघडीच राहिली, लाल, चकचकीत. अशा उताराला मी अहवालात ‘अंशतः यश’ लिहिते आणि ऑफिसातले सर त्यातलं ‘अंशतः’ खोडतात. आई परडीपुढे बसून तुरे मोजत होती. धाकटीला आम्ही उशा लावून टेकवून बसवलं होतं. तिने मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाली, ‘बाबांचं टक्कल आहे हे.’

खरंच तसंच होतं. मधे तुळतुळीत आणि कडेने झालर. आई आधी दचकली, मग तिला हसू फुटलं ते आवरेना, आणि मग आम्ही तिघी हसत सुटलो. जावई आपट्याची पानं घेऊन दारात आले होते, ते आत यावं की नाही अशा विचारात तिथेच थांबले.

आमच्यात दसऱ्याला रुजवणीचे तुरे खुडून घरातल्या प्रत्येकाच्या कानावर खोचतात. आईने पहिला देवीला वाहिला. मग जावयांना, मग मला. माझ्या कानावर खोचताना तिने तो उगाच जरा जास्त वेळ नीट केला. मग मूठ घेऊन खाटेपाशी गेली आणि त्यातला एक धाकटीच्या कानावर लावला.

‘मला दोन हवेत,’ धाकटी म्हणाली.

आईचा हात तसाच राहिला. जावयांच्या हातातली पानं खाली पडली, ती कोणी उचलली नाहीत. आई परत परडीपाशी गेली, खाली वाकली, आणि कडेचा एक कुळिथाचा कोंब, दोन पानं उघडलेला, मुळासकट सोडवून घेऊन आली. मुळाला लाल माती चिकटलेली होती. धाकटीने तो स्वतःच्या हाताने घेतला, पदर बाजूला केला आणि पोटावर आडवा ठेवला. मग त्यावर तळहात ठेवला, तसाच राहू दिला, आणि आम्हां सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, ‘हा तुझा हां.’